हेलियमचा शोध, विजयदुर्ग आणि विस्मरणात गेलेली जमखंडी

मार्कंडेयकाठ

दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की फोनवर एक मजकूर फिरू लागतो. सर नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली या दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले, त्याच वेळी त्याला सूर्यावर हेलियम हे नवे मूलद्रव्य सापडले आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' ही त्याची खूण आहे, असा त्याचा आशय असतो. बेळगावात पदार्थविज्ञान शिकवताना मी स्वतः ही गोष्ट अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. ती ऐकताना मुलांचे चेहरे उजळत, आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यातली एक चौकट आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे याचा मलाही आनंद होई. निवृत्तीनंतर मी ती तपासायला घेतली, तेव्हा ती जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही हे लक्षात आले. जे प्रत्यक्ष घडले ते बेळगावला अधिक जवळचे आहे, आणि तेच आपण कुणी सांगत नाही. म्हणून आपल्या चर्चापटलावर हा धागा.

पहिली शंका मला जांबोटीच्या रस्त्यावर आली. ऑगस्टचा तिसरा आठवडा होता, बसच्या काचा आतून धुरकटल्या होत्या, आणि बाहेर भातखाचरांत बायका डोक्यावर इरली घेऊन भांगलत होत्या. समोरचा डोंगर दिसत नव्हता, मग सूर्य कुठला दिसणार? घाटमाथ्यावर ही अवस्था असेल, तर घाटाखाली विजयदुर्गाच्या समुद्रावर काय असेल? सातासमुद्रापलीकडून नाजूक उपकरणे आणून ती श्रावणात कोकण किनाऱ्यावर मांडणारा खगोलशास्त्रज्ञ कोण असेल? हा प्रश्न मला आधी कधी कसा पडला नाही, याचे मला वाईट वाटले, कारण सीमाभागात राहणाऱ्या माणसाला पावसाचा नकाशा शिकवावा लागत नाही. खानापुरात छत्री मिटता येत नाही त्याच दिवशी अथणीकडे माणसे ढगांकडे डोळे लावून बसलेली असतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशात शिरला आणि दक्षिण महाराष्ट्र, आजचा उत्तर कर्नाटक आणि आंध्र ओलांडून मछलीपट्टणमपाशी समुद्रात उतरला. या पट्ट्यात निरीक्षकांनी निवडलेली ठिकाणे नकाशावर मांडली की ती सगळी सह्याद्रीच्या पूर्वेला पडतात. फ्रान्सचे पियरे जान्सेन आणि इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या वतीने मेजर टेनंट हे दोघे गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला होते आणि कॅप्टन हेग विजापुरात. लंडनच्या रॉयल सोसायटीची तुकडी होती जमखंडीत, म्हणजे तेव्हाच्या पटवर्धनांच्या संस्थानात आणि आजच्या बागलकोट जिल्ह्यात, आपल्या अथणी-रायबागच्या पलीकडे.

त्या तुकडीचे प्रमुख होते लेफ्टनंट जॉन हर्शेल. १७८१ साली युरेनस शोधणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा. नातू भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात अभियंता-अधिकारी होता. सकाळी नऊच्या सुमारास सुमारे पाच मिनिटे सूर्य पूर्ण झाकला जाणार होता, आणि जमखंडी पर्जन्यछायेत असूनही त्या दिवशी ढगांनी त्यांना सोडले नाही. ढगांच्या फटीतून सूर्याच्या कडेवरची एक ज्वाला त्यांच्या वर्णपटदर्शकात, म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणाऱ्या उपकरणात, आली तेव्हा त्यांना तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. रेषा सुट्या आणि तेजस्वी होत्या, याचा अर्थ ज्वाला तप्त वायूची होती. सौरज्वाला म्हणजे नेमके काय, हा तोवरचा मोठा वाद होता, आणि तो ज्या मोजक्या ठिकाणच्या निरीक्षणांनी त्या सकाळी मिटला त्यांत जमखंडी आहे. हर्शेल यांचे सहकारी लेफ्टनंट कॅम्पबेल यांनी तिथेच प्रभामंडळाचा (ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचा) प्रकाश ध्रुवीभूत (एका ठरावीक दिशेत कंप पावणारा) असल्याचे, म्हणजे त्यात सूर्याचाच विखुरलेला प्रकाश असल्याचे नोंदवले.

आता लॉकियर. १८६८ साली ते 'सर' नव्हते. युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात दुर्बिणीला डोळा लावणारे बत्तीस वर्षांचे गृहस्थ होते, आणि ग्रहणाच्या दिवशी ते भारतात नव्हतेच. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या रेषा वर्णपटदर्शकातून पाहता आल्या पाहिजेत, ही त्यांची कल्पना होती, आणि मागवलेले उपकरण हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनमध्ये त्यांनी ते करून दाखवले. तीच युक्ती जान्सेन यांना गुंटूरला ग्रहण पाहताना सुचली होती आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी ती वापरलीही होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुद्रा असलेले एकच पदक काढले. हेलियमचा धागा निघतो तो लॉकियर यांच्या त्या लंडनमधल्या कामातून, कारण ज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या पिवळ्या रेषेच्या जागी बसत नाही हे त्यांनी शांतपणे, पुन्हा पुन्हा मोजून ठरवले.

विजयदुर्गाचे नाव यात कसे आले, याबद्दल माझे मत पुढे मांडेन. आधी इतरांचे ऐकायचे आहे.

देवगडची लेक

काका, तुमचे लेखन वाचून मन थोडे खट्टू झाले, हे आधी सांगते. माझे माहेर देवगड तालुक्यातले, सासर शहापुरातले. ते ओटे मी लहानपणी पाहिले आहेत, त्यांवर बसले आहे. 'साहेब दुर्बिणी घेऊन आला होता, गलबतावरचे गोरे खलाशी किल्ल्यावर राबत होते,' असे आमचे आजोबा त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले सांगत. दरवर्षी तिथे १८ ऑगस्टला कार्यक्रम होतो, शाळेची मुले जमतात. हे सगळे खोटे म्हणायचे का? आजोबा अशिक्षित होते, परंतु न घडलेले सांगणारे नव्हते.

मार्कंडेयकाठ

ताई, तुमच्या आजोबांनी सांगितलेला शब्द न् शब्द खरा आहे. चूक आहे ती त्यांच्या आठवणीला नंतर कुणीतरी चिकटवलेल्या सालाची.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर ते जगप्रसिद्ध झाले होते, आदल्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली होती आणि फिरत्या मजकुरात ती पदवी नावाला जोडून येते, हीसुद्धा एक खूण आहे. त्यांच्याबरोबर 'मेलपोमेनी' या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी होते. कुणी घड्याळाचे ठोके मोजायचे, कुणी प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कुणी काचा बदलायच्या, अशी कामे त्यांना शिकवून किल्ल्यावर मोठा तळ उभारण्यात आला होता. दुर्बिणी हलू नयेत म्हणून पक्के ओटे लागतात, आणि ज्यांवर तुम्ही लहानपणी बसलात ते त्याच कामाचे. जानेवारीत कोकणाचे आकाश निवळशंख असते. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांचीच होती, पण सूर्य अडवायला ढग नव्हता. म्हणजे माझी पावसाची शंका १८६८ ला जशी लागू पडते, तशी १८९८ ला पडत नाही.

तो पट्टा किनाऱ्यावरून ईशान्येला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून पुढे बक्सरकडे गेला. जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांवाला यांचा तळ होता. पुण्याच्या वेधशाळेतला एक भारतीय प्राध्यापक स्वतःची उपकरणे घेऊन ग्रहण टिपायला जातो, ही घटना आपल्याकडे विजयदुर्गाइतकी सांगितली जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

१८९८ साली मात्र हेलियम शोधायचा राहिलेला नव्हता. सूर्यावरच्या त्या अनोळखी पदार्थाला लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्या कामातून १८७१ च्या सुमारास नाव मिळाले होते, आणि १८९५ साली विल्यम रॅमसे यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वायू पृथ्वीवरच बाटलीत पकडला होता. म्हणून माझे मत असे: लोकांनी हेलियमशी जोडलेले लॉकियर यांचे नाव आणि लॉकियर यांच्याशी जोडलेले विजयदुर्गाचे ओटे, या दोन खऱ्या गोष्टी एकत्र बांधल्या, आणि मधली तीस वर्षे गळून पडली. यात कुणाचा खोटेपणा नाही. विजयदुर्गावर मुले जमतात हे चांगलेच आहे, फक्त तिथे २२ जानेवारीला जमावे असे मला मनापासून वाटते.

अज्ञाताचा शोध

मी या विषयाकडे वेगळ्या बाजूने पाहतो, आणि इथे मोकळेपणाने मांडू दिले जाईल अशी आशा करतो. इंग्रजांनी लिहिलेल्या अहवालांवर इतका विश्वास का ठेवायचा? ज्यांनी आपली संस्थाने गिळली त्यांनी श्रेय तेवढे प्रामाणिकपणे वाटले असेल का? सूर्याच्या अंतरंगाचे ज्ञान आपल्याकडे सूर्यसिद्धान्ताच्या काळापासून होते, आणि ते दडवण्यासाठीच हे सगळे शोध युरोपच्या नावावर लावले गेले, असे अनेक अभ्यासक म्हणतात. १८६८ ला भारतभर इतक्या तुकड्या आल्या, त्या केवळ ग्रहण पाहायला आल्या होत्या का, हाही प्रश्न आहे. जमखंडीसारख्या लहान संस्थानात सैन्याचा अधिकारीच का पाठवला गेला? दडवलेला इतिहास नेहमी अशाच फटींतून दिसतो.

घटप्रभा

तुमच्या प्रश्नांतला एक भाग मला रास्त वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. मी चिकोडीजवळच्या महाविद्यालयात गणित शिकवते आणि भारतीय ज्योतिर्गणित हा माझा आवडीचा विषय आहे.

सूर्यसिद्धान्ताचा अभिमान मलाही आहे, आणि त्यातले मोठेपण कशात आहे हे ज्याने ते गणित हाताने केले आहे त्याला समजते. चंद्रबिंबाची गती, राहूचे स्थान, लंबन, स्पर्श आणि मोक्षाच्या वेळा, हे सगळे कागदावर काढून ग्रहणाचा दिवस आधी सांगणे ही असामान्य गोष्ट आहे. परंतु तो ग्रंथ ग्रहण कधी आणि किती होईल ते सांगतो. सूर्य कोणत्या द्रव्याचा बनला आहे हा प्रश्न तो विचारत नाही, कारण तो सोडवण्याचे साधन म्हणजे वर्णपट, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात हे किर्खोफ आणि बुनसेन यांनी १८६० च्या आसपास दाखवले. ग्रंथात जे नाही ते त्याच्या पदरात घातले की त्यात जे आहे तेही लोक मानेनासे होतात, आणि याचे मला अतिशय दुःख होते.

सैन्याचा अधिकारी का, याचे उत्तर सोपे आहे. अक्षांश, रेखांश आणि वेळ अचूक काढणे हे सर्वेक्षण खात्याच्या अभियंत्यांचे रोजचे काम होते. टेनंट, हेग, हर्शेल हे तिघेही त्याच घडणीचे. सर्वेक्षण साम्राज्याच्या सोयीसाठी चालत होते हे खरे आहे, आणि ते कुणी लपवलेलेही नाही. हर्शेल यांचा जमखंडीचा वृत्तान्त रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात लगेच छापून आला.

श्रेय कुणाचे राहून गेले, हा तुमचा प्रश्न मात्र योग्य आहे, आणि तो मला दोन ठिकाणी खरा वाटतो. मछलीपट्टणमला पॉगसन यांनी पिवळी रेषा सोडियमच्या 'डी' रेषेच्या जागी किंवा तिच्या जवळ असल्याचे लिहिले. 'किंवा जवळ' हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. त्यांचा अहवाल मात्र मद्रासेत सरकारी छापखान्यात छापला गेला आणि युरोपातल्या नियतकालिकांत पोहोचलाच नाही. म्हणजे इथे मागे पडला तो एक इंग्रजच, आणि त्याचे कारण कटाऐवजी अंतर आणि छपाई हे होते. दुसरे नाव आहे मद्रास वेधशाळेतले सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांचे. ते त्या दिवशी वनपर्ती येथे स्वतंत्रपणे ग्रहण पाहत होते. आदल्याच वर्षी, १८६७ साली, त्यांनी 'आर रेटिक्युली' या ताऱ्याचे तेज बदलते हे शोधून काढले होते. पुढे शुक्राच्या १८७४ च्या अधिक्रमणाची, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसण्याची, माहिती सामान्य लोकांना देशी भाषांत मिळावी म्हणून त्यांनी पुस्तिका काढली. आपल्या मराठी मुलखात त्याच काळी केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापून आठ वर्षे झाली होती आणि दृक्प्रत्ययाला, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसते त्याला, जुळणाऱ्या पटवर्धनी पंचांगाचा त्यांचा खटाटोप चालू होता. जुने गणित आणि नवी दुर्बीण यांची गाठ घालण्यासाठी ही माणसे आयुष्य वेचत होती. ज्यांना आपली परंपरा उंचवायची आहे त्यांनी यांची नावे घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अज्ञाताचा शोध

रघुनाथाचारी हे नाव मी आज प्रथमच ऐकले. सूर्यसिद्धान्ताबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. श्रेयाच्या वाटपाबद्दलची शंका कायम ठेवतो, आणि पॉगसन यांचे उदाहरण माझ्या शंकेला बळ देते, असे माझे मत आहे.

मोडीचा विद्यार्थी

तिथीचा हिशेब करून पाहिला, तो इथे देतो. १८ ऑगस्ट १८६८ हा मंगळवार होता आणि त्या दिवशी शके १७९०, विभवनाम संवत्सर, श्रावण अमावास्या होती. म्हणजे पिठोरीचा दिवस. जमखंडीत दक्षिणी ब्राह्मण कुटुंबांत मुलाबाळांसाठी उपवास आणि पूजा असणार, त्यातच सकाळी ग्रहण. वेध पाळणारे घरात, स्नानासाठी निघालेले विहिरीवर, आणि गावाबाहेर तंबूत साहेब नळीला डोळा लावून. त्या सकाळचे हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संस्थानी कारभार मोडीत चालत असे. साहेबाचा तळ पडला की संस्थानाकडून बैलजोड्या, वैरण, सरपण, पाणक्ये आणि चौकीचे शिपाई पुरवले जात आणि त्याच्या नोंदी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, पडत, हे दक्षिणी संस्थानांची दप्तरे हाताळणाऱ्याला माहीत असते. मी मिरज आणि कोल्हापूरकडची अशी कागदपत्रे वाचली आहेत. एका कागदावर तर तंबूच्या खुंट्यांचा आकडाही होता. इंग्रजी अहवालात ढग, रेषा आणि उपकरणे येतात. तंबू कुणी ओढले, पाणी कुणी भरले, हे असल्या कागदात येते. श्रावण शके १७९० एवढा महिना धरून जमखंडीच्या रोजकीर्दी चाळायला मी तयार आहे. रबकवी-बनहट्टीकडचे कुणी सोबत येणार असेल तर दोघांचा प्रवास सोपा होईल.

अथणीकर

मी येतो. बनहट्टीत माझी बहीण दिलेली आहे, मुक्कामाची सोय होईल.

एक गोष्ट बोलायची आहे. जमखंडीचे नाव मागे का पडले, याचा विचार मी दोन दिवस करतो आहे. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होऊन विजापूर जिल्ह्यात गेले, १९५६ साली तो जिल्हा म्हैसूर राज्यात आला, १९९७ ला बागलकोट वेगळा झाला. पन्नास वर्षांत गावाचा पत्ता तीन वेळा बदलला. महाराष्ट्रात विज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्याला जमखंडी आपली वाटत नाही, कारण ती कर्नाटकात आहे. कर्नाटकात लिहिणाऱ्याला ती पटवर्धनांची, मराठी दरबाराची वाटते. आम्ही सीमाभागातले लोक १९५६ पासून ठराव, आयोग आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला दावा यांत इतके गुंतलो आहोत की गावाच्या नावावरून भांडताना त्या गावात काय घडले ते वाचायचे राहून जाते. सीमाप्रश्नाचे महत्त्व मी कमी करत नाही, आमच्या घरातला माणूस त्या लढ्यात तुरुंगात गेलेला आहे. पण जमखंडीच्या त्या पाच मिनिटांवर मराठी मुलाचा जेवढा हक्क आहे तेवढाच कन्नड मुलाचा आहे, आणि ही माहिती कन्नडमध्येही लिहिली गेली पाहिजे. माझ्या कन्नड शाळेतल्या एका मित्राला मी हा धागा वाचून दाखवला, तेव्हा त्याने ते काम अंगावर घेतले आहे.

देवगडची लेक

काका, २२ जानेवारीची गोष्ट मी माहेरी फोन करून सांगितली. भावाला आधी पटले नाही, मग 'पावसाळ्यात किल्ल्यावर उभे राहवत नाही, ओटे कसे बांधणार' हे त्याचे त्यालाच सुचले. आता माझा एक प्रश्न आहे. हर्शेल यांनाही ती रेषा दिसली होती, मग जमखंडीत हेलियम सापडले असे का म्हणायचे नाही? त्यांना दिसलेली नारिंगी रेषा आणि लॉकियर यांची पिवळी रेषा एकच ना?

मार्कंडेयकाठ

ताई, तुमच्या या प्रश्नासाठीच मी चार दिवस थांबलो होतो, कारण त्याचे उत्तर मला डोळ्यांनी पाहून द्यायचे होते.

रेषा एकच होती. हर्शेल यांनी तिची जागा मोजलीसुद्धा, आणि आपल्या उपकरणाच्या कुवतीप्रमाणे ती सोडियमच्या 'डी' रेषेशी तंतोतंत जुळते, असा निष्कर्ष लिहिला. सोडियम ओळखीचे होते, मिठात असते, ज्योतीत चिमूटभर टाकले की पिवळा रंग देते. म्हणून त्यांना त्या जागी नवे काही दिसले नाही. सोडियमच्या दोन रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, आणि हेलियमची ५८७.६. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी. लॉकियर यांनी पुढे ती तिसरी रेषा 'डी-३' म्हणून वेगळी काढली. नेहमीच्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात त्या जागी काळी रेषा सापडत नाही, हे आणखी एक कोडे होते. फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून ती रेषा निघते का हेही पाहिले, आणि ती निघाली नाही, तेव्हाच नव्या मूलद्रव्याचा विचार पुढे आला. धातूच असेल असे समजून नावाला धातूंचा 'इयम' प्रत्यय लावला गेला, आणि वायू निघाल्यावरही तो तसाच राहिला.

ज्या महाविद्यालयात मी शिकवत होतो तिथल्या प्रयोगशाळेत परवा गेलो. खिडक्यांना काळे कापड लावले, टेबलावर सोडियमचा दिवा ठेवला आणि शेजारी हेलियमची काचनळी. नळीला काही हजार व्होल्टचा दाब दिला की ती फिकट, पिकल्या जर्दाळूच्या रंगाने उजळते. आधी मुलांच्या हाती लहान, खिशात मावेल असा वर्णपटदर्शक दिला. ढगांची फट म्हणून प्रत्येकाला मोजून वीस सेकंद दिले, आणि पिवळ्या रेषेची जागा पट्टीवर वाचून वहीत लिहायला सांगितली. आधी सोडियम, मग हेलियम. बहुतेकांनी दोन्हींसाठी एकच आकडा लिहिला. मीही पाहिले, आणि मलाही एकच जागा दिसली. ढगांखाली उभ्या असलेल्या हर्शेल यांना काय दिसले असेल, ते मला चाळीस वर्षे शिकवून त्या दिवशी कळले.

मग मोठा वर्णपटमापी मांडला, ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची, प्रकाश फोडणारी काच) बसवले, प्रकाश आत येण्याची फट अगदी बारीक केली. सोडियमची रेषा दोन भागांत फुटली. दिवा विझवून तिथे नळी आणली, तेव्हा हेलियमची पिवळी रेषा त्या दोघींच्या बाजूला, हिरव्या अंगाला सरकून उभी राहिली. व्हर्नियरवर, म्हणजे उपकरणाच्या कोन मोजायच्या पट्टीवर, फरक भरला तीन-चार मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाच्या तिप्पट-चौपट. ग्रहणाच्या पाच मिनिटांत हा फरक पकडणे अवघड होते. लॉकियर यांना ग्रहणाची घाई नव्हती, सूर्य त्यांना रोज मिळत होता.

म्हणून जमखंडीत हेलियम सापडले असे मी म्हणणार नाही, ताई. जमखंडीत हेलियमचा प्रकाश नळीत आला, मोजला गेला, आणि सोडियम म्हणून प्रामाणिकपणे लिहिला गेला. एवढे खरे आहे, आणि मला ते पुरेसे मोठे वाटते.

बनहट्टीच्या एका मुलीने जाताना विचारले की वहीतला पहिला आकडा चुकला आहे, तर तो खोडायचा का. मी नको म्हणालो. तिच्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक आहेत.

येत्या १८ ऑगस्टला हीच उपकरणे घेऊन जमखंडीत एखाद्या शाळेत जावे, असा विचार आहे. मोडीचे काम करणाऱ्यांनी आणि अथणीकरांनी दिवस जुळवून घ्यावा. खोली पूर्ण अंधारी लागते, तेव्हा जे येतील त्यांनी काळे कापड आणि खिडकीच्या मापाची सुतळी सोबत आणावी.